एक नळी उकळा, एक उकळू नका : ई. कोलायच्या बाह्यपटलाची प्रथिने काढून जेलवर कशी पाहावीत

एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला एसडीएस-पेज, म्हणजे प्रथिने एसडीएस या डिटर्जंटने उलगडून विजेच्या जोरावर जेलमधून वेगळी करणे, सगळेच करतात. जेलवरचा पट्टा म्हणजे प्रथिनाचे वजन, हे इतके पाठ झालेले असते की त्याला अपवाद असतो हे लक्षातच येत नाही. ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंच्या बाह्यपटलातली प्रथिने हा तो अपवाद. एकच नमुना दोन नळ्यांत घ्यायचा, एक उकळायची, दुसरी नुसती कोमट ठेवायची, आणि दोन्ही शेजारशेजारच्या लेनमध्ये (जेलमधल्या उभ्या रांगांत) चालवायच्या. पट्टे वेगळ्याच जागी पडतात. प्रथिन तेच, वजन तेच, फक्त आकार बदललेला. पुण्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी कॉलेजच्या लॅबमध्ये दोन-तीन दिवसांत हे होते. त्यासाठी एक्स-रे यंत्र लागत नाही, अल्ट्रासेंट्रीफ्यूजही लागत नाही.

आधी आपण काय काढणार आहोत ते पाहू. ई. कोलायला दोन पटले असतात. आतले नेहमीचे, फॉस्फोलिपिडचे. बाहेरचे एकतर्फी : आतल्या पदरात फॉस्फोलिपिड, बाहेरच्या पदरात लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस. या बाहेरच्या पटलातून आरपार जाणारी जवळजवळ सगळी प्रथिने बीटा-बॅरल घडणीची असतात. कणगी विणताना कामट्या शेजारीशेजारी लावून शेवटची कामटी पहिलीला जोडून घ्यावी, तसे बीटा-धागे तिरपे उभे राहून शेवटचा धागा पहिल्याशी हायड्रोजन बंधांनी जुळतो आणि नळकांडे बंद होते. ओम्प-ए या प्रथिनात असे ८ धागे. त्याचे नळकांडे इतके बारीक, की त्यातून फारसे काही जात नाही. त्याची शेपटी दोन पटलांमधल्या जागेत, पेरिप्लाझममध्ये, लोंबते आणि तिथल्या पेप्टिडोग्लायकनच्या भिंतीला धरून ठेवते, म्हणजे त्याचे मुख्य काम खुंटीचे. ओम्प-एफ आणि ओम्प-सी हे पोरिन, म्हणजे रेणूंना आत येऊ देणारी भोकाची प्रथिने. प्रत्येकात १६ धागे, आणि अशी तीन नळकांडी एकमेकांना टेकून त्रिकूट बनवतात. प्रत्येकाच्या पोटात तिसऱ्या क्रमांकाचा लूप आत वळलेला असतो आणि भोक मध्यावर अरुंद करतो. म्हणूनच साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे पाण्यात विरघळणारे रेणू आत जातात आणि त्याहून मोठे अडतात. अँपिसिलिन सुमारे ३५० डाल्टनचे, ते जाते. व्हँकोमायसिन साडेचौदाशेच्या घरातले, ते दारातच थांबते.

दोन्ही पोरिन एकाच वेळी भरपूर नसतात. बाहेर क्षार कमी असले की ओम्प-एफ जास्त, क्षार वाढले की ओम्प-सी जास्त. हा निर्णय एन्व्ह-झेड आणि ओम्प-आर ही नियंत्रक प्रथिनांची जोडी घेते. ओम्प-सीचे भोक जरासे अरुंद. आतड्यात क्षार दाट, पित्तही असते, तिथे दार अरुंद असलेले बरे. तोच जीवाणू मुठेच्या पाण्यात येऊन पडला, की अन्न पातळ आणि दार रुंद हवे. आपण लॅबमध्ये दोन प्रकारचे ब्रॉथ घेऊन हेच दृश्य उभे करणार आहोत.

जीवाणू कोणता घ्यायचा

के-१२ वंशाचा साधा स्ट्रेन घ्या, एमजी१६५५ मिळाला तर उत्तम. पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, तिथे चौकशी करा. डिपार्टमेंटच्या फ्रीजमध्ये बीएल२१ बहुधा असतेच. तेही काढून ठेवा, पण मुख्य प्रयोगासाठी नव्हे. बी वंशाच्या स्ट्रेनमध्ये ओम्प-सी बनतच नाही. बीएल२१ घेऊन मीठ वाढवत बसलात आणि ओम्प-सीची वाट पाहिलीत, तर सेमिस्टर संपेल. मात्र याच दोषामुळे ते फार कामाचे ठरते. कसे, ते जेलच्या वेळी येईल.

दवाखान्यातून आलेले क्लेब्सिएला वगैरे नमुने या प्रयोगाला घेऊ नका. पोरिन गमावलेले क्लेब्सिएला औषधांना दाद देईनासे होतात हे वाचलेले असते आणि हात शिवशिवतात, पण सोनिकेटरने (ध्वनिलहरींनी पेशी फोडणाऱ्या यंत्राने) रोगजंतूचे तुषार उडवायची सोय कॉलेजच्या लॅबमध्ये नसते.

वाढवणे

ब्रॉथ तयार पावडरचे नको, त्यात मीठ आधीच असते. प्रत्येक लिटरला पेप्टोन ५ ग्रॅम आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ३ ग्रॅम, पीएच ७.२, हा बिनमिठाचा. त्यातच सोडियम क्लोराइड १७.५ ग्रॅम घातले की ०.३ मोलरचा खारा ब्रॉथ झाला. रात्रभर वाढवलेल्या ५ मिलि कल्चरमधले १ मिलि घेऊन ५०० मिलिच्या फ्लास्कमधल्या १०० मिलि ब्रॉथमध्ये घाला. ३७ अंश, १८० आरपीएम.

दोन्ही फ्लास्क एकाच वेळी काढायचे नाहीत. एकाच ओडीला (कल्चरच्या गढूळपणाच्या मापाला) काढायचे. खाऱ्यातले कल्चर हळू वाढते, त्याला तासभर जास्त लागू शकतो. ६०० नॅनोमीटरला ०.६ ते ०.८ आले की लगेच बर्फात. रात्रभर ठेवून दाट झालेले कल्चर वापरायचा मोह होतो, कारण पेलेट जाडजूड मिळते. पण वाढ थांबताना पोरिनचे प्रमाण आपोआप बदलते आणि मग फरक मिठाचा की उपासमारीचा हे सांगता येत नाही.

फोडणे

बफर एकच : १० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.४. शंभर मिलिला ०.२४ ग्रॅम पावडर. ट्रिस चालते, पण तापमानागणिक त्याचा पीएच जास्त सरकतो आणि एप्रिलमधली पुण्याची लॅब ही डिसेंबरातल्या लॅबपेक्षा पंधरा अंशांनी तापलेली असू शकते.

पेशी ५,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतके पट), १० मिनिटे, ४ अंशांना खाली बसवा, एकदा बफरने धुवा आणि ५ मिलि बफरमध्ये मिसळा. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड २ मिलिमोलर, डीएनए तोडणारे डीएनएझ मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम आणि अगदी शेवटी प्रोटिएझना (प्रथिने तोडणाऱ्या विकरांना) रोखणारे पीएमएसएफ १ मिलिमोलर. पीएमएसएफचा स्टॉक आयसोप्रोपॅनॉलमध्ये करतात (१०० मिलिमोलरला मिलिलिटरमागे १७.४ मिलिग्रॅम). पाण्यात पडल्यावर पीएच ७.५ ला त्याचे अर्धे बळ तासाभरात जाते. सकाळी बफरमध्ये घालून दुपारी वापरले, तर घातले काय आणि न घातले काय. विषारी आहे, हातमोजे घाला.

सोनिकेशन बर्फ आणि मीठ भरलेल्या बीकरमध्ये ठेवून करा. १० सेकंद चालू, २० सेकंद बंद, अशा १० ते १२ फेऱ्या. प्रोबचे टोक साधारण एक सेंटिमीटर बुडालेले हवे. वर राहिले की फेस येतो, फेसात ऊर्जा पेशींपर्यंत पोचत नाही आणि प्रथिनेही खराब होतात. फेस आला तर थांबा, बसू द्या, टोक खाली घ्या. ताकासारखे दिसणारे पांढरे द्रव हळूहळू पातळ निवळीसारखे दिसू लागले की पेशी फुटल्या. तारा सुटत असतील, तर डीएनए अजून शिल्लक आहे. डीएनएझला पाच मिनिटे द्या.

मग ४,००० जीला १० मिनिटे फिरवून न फुटलेल्या पेशी काढून टाका. वरचे द्रव ठेवा, खालचा गोळा टाका. ही पायरी पाच-दहा मिनिटांची, म्हणून गाळली जाते. नंतर जेलवर शिडीसारखे शंभर पट्टे दिसले, की त्याचे मूळ बहुतेक वेळा इथे असते.

पटल गोळा करणे

पुस्तकात १,००,००० जी, एक तास असे लिहिलेले असते. अल्ट्रासेंट्रीफ्यूज नसेल तर ४ अंशांच्या मायक्रोफ्यूजमध्ये दोन मिलिच्या नळ्या १६,००० जीला ४५ मिनिटे फिरवा. बाह्यपटलाचे तुकडे मोठे आणि जड असतात, त्यांचा बराच भाग बसतो. उत्पन्न कमी मिळते, आपल्याला पुरते.

इथे जी आणि आरपीएम यांची गल्लत करू नका. जी = १.११८ × १०⁻⁵ × त्रिज्या (सेंटिमीटर) × आरपीएमचा वर्ग. रोटरची त्रिज्या ८.४ सेंमी असेल तर १३,००० आरपीएमला जवळपास १५,९०० जी मिळतात. त्रिज्या ६ सेंमी असेल तर त्याच १३,००० ला फक्त ११,३००. शेजारच्या कॉलेजचा आकडा तुमच्या यंत्रावर चालेलच असे नाही. पट्टी घेऊन रोटर मोजा.

जमलेला गोळा या टप्प्यावर पिवळसर-तपकिरी दिसतो. तो रंग आतल्या पटलातल्या सायटोक्रोम आणि फ्लेव्हिनचा. हा रंग लक्षात ठेवा.

सार्कोसिल : सगळा खेळ इथला

सार्कोसिल, म्हणजे सोडियम लॉरॉइल सार्कोसिनेट, हा डिटर्जंट आतले पटल विरघळवतो आणि बाहेरचे सोडून देतो. १९७३ पासून ही युक्ती वापरात आहे. ती का चालते हे समजून घेतले तर ती का बिघडते हेही कळते. बाह्यपटलातले एलपीएसचे रेणू ऋणभारित असतात आणि मॅग्नेशियम, कॅल्शियमचे आयन त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात. त्या दाट फरशीत बॅरल घट्ट बसलेले असतात. सौम्य डिटर्जंटला शिरायला फट मिळत नाही. मॅग्नेशियम काढून घेतले की फरशीच उखडते. म्हणून या टप्प्यावर मॅग्नेशियम पकडणारा ईडीटीए कुठूनही येता कामा नये. बाजारातल्या प्रोटिएझ इनहिबिटरच्या गोळ्यांत तो बहुधा असतो, डब्यावर ‘ईडीटीएविरहित’ लिहिलेले असेल तरच घ्या. टीई बफरची (त्यातही ईडीटीए असतो) बाटली चुकून हातात आली तरी तोच निकाल : शेवटी गोळाच उरत नाही, सगळे वरच्या पाण्यात.

गोळा २०० मायक्रोलिटर हेपेस आणि २ मिलिमोलर मॅग्नेशियममध्ये नीट फोडून घ्या. गुठळी राहिली तर डिटर्जंट तिच्या आत पोचत नाही. बारीक टिपने वरखाली करा, बुडबुडे येऊ देऊ नका. त्यात तेवढेच, २०० मायक्रोलिटर, २ टक्के सार्कोसिल घाला. अंतिम प्रमाण १ टक्का. ३० मिनिटे खोलीच्या तापमानाला, अधूनमधून नळी उलटी-सुलटी करत.

‘खोलीचे तापमान’ म्हणजे काय, हा पुण्यात खरा प्रश्न आहे. प्रोटोकॉल लिहिणाऱ्याच्या मनात २५ अंश असतात. डिसेंबरात सकाळी नऊ वाजता लॅबमध्ये १८ असू शकतात, तेव्हा आतले पटल अर्धवट विरघळते. मे महिन्यात दुपारी ३६ असतात, तेव्हा बाहेरच्यालाही झळ लागते. वॉटर बाथ २५ वर लावता येत नसेल तर थर्मास घ्या, २५ अंशांचे पाणी भरा, नळी तरंगत ठेवा. अर्धा तास ते पाणी हलत नाही.

पुन्हा १६,००० जी, ४५ मिनिटे. वरचे द्रव वेगळ्या नळीत जपून ठेवा. त्यात आतले पटल आहे आणि जेलवर तुलनेसाठी ते लागेल. आता गोळा पाहा. पिवळेपणा गेलेला असला पाहिजे. तळाशी काचेसारखा, साबुदाण्याच्या खिरीतल्या दाण्यासारखा पारदर्शक ठिपका दिसतो. कित्येकदा दिसतच नाही आणि गोळा हरवला समजून नळी धुतली जाते. म्हणून नळी फिरवायला ठेवतानाच बाहेरच्या बाजूला मार्करने खूण करा. गोळा खुणेखालीच असतो. अजून पिवळा असेल तर सार्कोसिलची फेरी आणखी एकदा करा. तीनदा मात्र नको, प्रत्येक फेरीत थोडे बाह्यपटलही जाते.

शेवटी एकदा नुसत्या हेपेसने धुवा आणि ५० मायक्रोलिटरमध्ये घ्या. शंभर मिलि कल्चरमधून काही शे मायक्रोग्रॅम प्रथिन मिळते. मोजायला एसडीएस घातलेली लॉरी पद्धत किंवा बीसीए वापरा. ब्रॅडफर्ड डिटर्जंटपुढे फसवते. नमुना दहा-दहा मायक्रोलिटरच्या वाट्यांत उणे २० ला ठेवा.

एक घरगुती सूचना. डिस्टिल्ड वॉटर आणि ऑटोक्लेव्हचे काम गुरुवारवर ठेवू नका. गुरुवारी पाणी बंद असणे पुणेकरांना नवे नाही, तरी दर वेळी कुणीतरी अडकतेच.

जेल

१२ टक्क्यांचा सेपरेटिंग जेल, १० मिलि : ३० टक्के अ‍ॅक्रिलमाइड ४ मिलि, १.५ मोलर ट्रिस (पीएच ८.८) २.५ मिलि, १० टक्के एसडीएस ०.१ मिलि, पाणी ३.३ मिलि, १० टक्के एपीएस ०.१ मिलि, टेमेड ४ मायक्रोलिटर. हा साधा जेल उकळ-न उकळ तुलनेसाठी.

प्रत्येक नमुन्यातून १० मायक्रोग्रॅमच्या दोन नळ्या करा. दोघींत तोच सँपल बफर, २ टक्के एसडीएस, मर्कॅप्टोइथेनॉलही दोघींत सारखेच. फरक फक्त उष्णतेचा असला पाहिजे. पहिली ३७ अंशांना १० मिनिटे. दुसरी उकळत्या पाण्यात १० मिनिटे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. तेवढे पुरते, पण पाच मिनिटांत आटोपू नका.

न उकळलेल्या लेनसाठी जेल थंड चालवा : १५ मिलिअँपिअर, शक्यतो कोल्ड रूममध्ये. तिथे एसडीएस पांढरे होऊन बसले तर घाबरू नका, रनिंग बफर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मात्र कुठल्याही बफरमध्ये पोटॅशियम नको. पोटॅशियम आणि एसडीएस एकत्र आले की साका तयार होतो आणि तो गरम करून जात नाही असेच धरून चाला. घाईघाईने २०० व्होल्ट लावले तर जेलच तापतो आणि न उकळलेला नमुना चालता चालता उकळल्यासारखा होतो. पट्ट्याऐवजी वरून खाली ओघळलेली धार दिसली, तर कारण हेच.

आता निकाल. उकळलेल्या लेनमध्ये ओम्प-ए ३५ किलोडाल्टनला, पोरिन ३६ ते ३८ च्या दरम्यान. न उकळलेल्या लेनमध्ये ओम्प-ए खाली सरकून २८ ते ३० ला येते, आणि पोरिनचे पट्टे त्या जागेवरून गायब होऊन वर, ६० ते ८० च्या दरम्यान, जाड आणि जरा पसरट दिसतात.

हे असे का? एसडीएस साध्या प्रथिनाला सरळ दोरीसारखे उलगडते आणि अंगभर चिकटते, म्हणून अंतर वजनावर ठरते. बॅरलचे धागे मात्र एकमेकांत बंद झालेले असतात. एसडीएसला पहिला टाका उसवायला सापडत नाही. न उसवलेले ओम्प-ए आटोपशीर राहते, एसडीएस कमी घेते, जेलच्या जाळ्यातून पटकन निघते आणि हलके असल्याचा भास होतो. पोरिनचे त्रिकूट तर सुटतच नाही, म्हणून ते जड दिसते. म्हणजे एकाच लेनमध्ये एक प्रथिन खोटे हलके आणि दुसरे जड. ग्रेडियंट असलेला थर्मोसायकलर मिळाला, तर ३७ पासून ९५ पर्यंत सहा तापमाने लावून पाहा. ७० अंशांच्या पुढे ओम्प-एफचे त्रिकूट मोडत जाते आणि एकेरी पट्टा गडद होत जातो. हा जेल फळ्यावरच्या दहा आकृत्यांपेक्षा जास्त सांगतो.

ओम्प-सी आणि ओम्प-एफ साध्या १२ टक्क्यांच्या जेलवर बहुधा एकमेकांवर पडतात. त्यांना वेगळे करायला जेलमध्ये ४ मोलर युरिया घाला. दहा मिलिला २.४ ग्रॅम. युरिया स्वतः सुमारे १.८ मिलि जागा खातो, तेवढे पाणी कमी करा, म्हणजे ३.३ ऐवजी १.५ मिलि. विरघळताना नळी गार पडते, म्हणून हॉट प्लेटवर ठेवायची इच्छा होते. ३७ च्या वर नेऊ नका. तापलेल्या युरियातून सायनेट सुटतो, तो प्रथिनांना चिकटतो आणि पट्टे दुहेरी दिसू लागतात. या जेलवर सगळे नमुने उकळलेलेच चालवा.

दोनपैकी वरचा कोण आणि खालचा कोण, हे जेलच्या पद्धतीवर बदलते. कुणाच्या फोटोवरून नावे लिहू नका. इथे बाजूला ठेवलेले बीएल२१ कामाला येते. त्याच्या लेनमध्ये पोरिनचा एकच पट्टा, तो ओम्प-एफ. त्याच्या सरळ रेषेत येईल तो एफ, उरला तो सी. बिनमिठाच्या लेनमध्ये एफ ठळक, खाऱ्या लेनमध्ये एफ पुसट होऊन सी ठळक, असे चित्र यायला हवे. ओम्प-ए दोन्हीकडे साधारण सारखे राहते. म्हणून लेनमध्ये माल सारखा पडला की नाही हे त्याच्यावरून तपासा. ते कमीजास्त असेल तर पोरिनबद्दल काही बोलण्याआधी पुन्हा मोजून भरा.

नको असलेले पट्टे

४३ किलोडाल्टनच्या आसपासचा पट्टा बऱ्याचदा ईएफ-टीयू या प्रथिनाचा, ते पेशीत अमाप असते आणि पटलाला चिकटून येते. ५० च्या जवळ स्वच्छ जाड पट्टा असेल तर फ्लॅजेलिन, म्हणजे पोहण्याच्या शेपटीचे प्रथिन : स्ट्रेन पोहणारा आहे, सोनिकेशनआधी पेशी जोरात व्होर्टेक्स करून आणि धुवून घ्या. बीएल२१ मध्ये एखादे प्लाझ्मिड बसलेले असेल आणि त्यातले प्रथिन इन्क्लूजन बॉडीत (न विरघळणाऱ्या गुठळ्यांत) साचत असेल, तर तेही सार्कोसिलनंतर गोळ्यात येऊन बाह्यपटलाचे असल्याचे सोंग घेते. म्हणून रिकामा स्ट्रेनच घ्या. लेनभर धुरकट पांघरूण बहुधा एलपीएसचे. कूमासीने (जेल रंगवायच्या नेहमीच्या निळ्या रंगाने) ते रंगत नाही पण पट्टे वाकडे करते, सिल्व्हर स्टेनला मात्र ते दिसते. पेशीत विपुल असलेले ब्राऊनचे लिपोप्रोटीन, साधारण ७ किलोडाल्टनचे, या जेलवर डाय फ्रंटबरोबर (सगळ्यात पुढे धावणाऱ्या रंगाच्या रेषेबरोबर) निघून जाते. ते दिसत नाही म्हणजे निघाले नाही असे नव्हे.

हे सगळे जमल्यावर आणखी एक लेन वाढवून पाहा. तोच के-१२, बिनमिठाच्या ब्रॉथमध्ये एकदा ०.४ टक्के माल्टोज आणि एकदा ०.४ टक्के ग्लिसरॉल. माल्टोजच्या लेनमध्ये ४७ किलोडाल्टनजवळ नवा पट्टा येतो : लॅम-बी, १८ धाग्यांचे, माल्टोज आणि त्याच्या लांब साखळ्या आत घेणारे दार. लॅम्डा फाज हा जीवाणूंचा विषाणू याच दाराला येऊन चिकटतो, नावही त्यावरूनच पडले. ईएफ-टीयूचा पट्टा जवळच असतो, म्हणून ग्लिसरॉलची लेन शेजारी नसेल तर या पट्ट्यावर विश्वास ठेवू नका. आणि ब्रॉथमध्ये कुणी ग्लुकोज घातले असेल तर लॅम-बी दबलेलेच राहते.

वापरलेले कल्चर आणि न फुटलेल्या पेशींचा गोळा १२१ अंशांना २० मिनिटे ऑटोक्लेव्ह करून मगच टाका. अ‍ॅक्रिलमाइडचा उरलेला द्राव सिंकमध्ये नको, बीकरमध्येच घट्ट होऊ द्या.